फोन आणि ई-मेल : बोलण्या-लिहिण्याची रीत



२९ सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण झाले. क्षेत्र ७,८५५ एकरांचे. उद्या आपलीच मुलं तिथे अर्ज करणार. साहेबांना मुलाचा चेहरा नंतर दिसतो. आधी दिसतो त्याचा ई-मेल, ऐकू येतो त्याचा आवाज. हुशार मूल तेवढ्यावरून मागे पडू नये, म्हणून ही रीत प्राथमिक शाळेपासूनच शिकवायला हवी.

फोनवर बोलताना

आपणच फोन लावून "कोण बोलतंय?" असं विचारू नये. आधी नाव, गाव आणि काम सांगावं : "नमस्कार सर, मी बिडकीनहून अमुक बोलतोय. अप्रेंटिसच्या अर्जाबद्दल विचारायचं होतं. आता बोलायला वेळ आहे का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. समोरचा माणूस मीटिंगमध्ये किंवा गाडीवर असू शकतो.

फोन उचलल्यावर काय म्हणावं, यावर पूर्वीपासून चर्चा आहे. ग्रॅहॅम बेल यांना 'अहॉय' आवडायचं, पण रूढ झालं 'हॅलो'. राज्य शासनाने १ ऑक्टोबर २०२२ च्या शासन निर्णयात कर्मचाऱ्यांना 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलं. शब्द कोणताही असो, त्यात समोरच्याचा मान दिसावा.

ई-मेल लिहिताना

जुन्या पत्रात 'सा. न. वि. वि.' असा मायना असे. ई-मेललाही मायना लागतो : 'महोदय' किंवा 'महोदया'. हे लक्षात ठेवा :

१. 'विषय' रिकामा ठेवू नका. तो वाचूनच मेल उघडली जाते.
२. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर भलतीच दिसतात.
३. जोडलेल्या फाइलला स्वतःचं नाव द्या. नुसतं 'स्कॅन १' लिहिलं तर ती कुणाची, हे कळत नाही.
४. अनेक पालकांना एकच मेल पाठवायची असेल तर पत्ते 'बीसीसी'त टाका. म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.
५. शेवटी पूर्ण नाव आणि फोन नंबर लिहा.

वर्गात घ्यायचा उपक्रम

दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा आणि फोनवर बोलायला लावा. चेहरा दिसत नाही, हातवारे चालत नाहीत. सगळं काम शब्दांना आणि आवाजाला करावं लागतं. पालकहो, घरी पाहुण्यांचा फोन आला की मुलांनाच उचलू द्या. सवय तिथूनच लागते.