फोटोची पार्श्वभूमी काढा, पण इतिहास पुसू नका

आपल्या कष्टकरी घरांतून जुन्या पिढीचे फोटो फार थोडे सापडतात. स्टुडिओत जाऊन एकट्याचा फोटो काढून घेणे ही त्या काळी चैनच होती. त्यामुळे आजीचा किंवा वडिलांचा म्हणून जो फोटो घरात असतो, तो बहुधा लग्नातला, मिरवणुकीतला किंवा चाळीच्या गॅलरीतला, दहा जणांत उभे असतानाचा असतो. माणूस गेले, पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला, की तोच फोटो शोधला जातो आणि फ्लेक्सच्या दुकानात सांगितले जाते, "मागचे सगळे काढून टाका." फोटो तयार होतो. पण कधी आजीचा कान गेलेला असतो, तर कधी पांढऱ्या लुगड्याचा पदर भिंतीबरोबरच कापला गेलेला असतो. हे टाळता येते. त्यासाठी हे काम कसे चालते ते घरातल्या शिकत्या मुला-मुलींनी समजून घेतले पाहिजे.

मागचा भाग काढण्याची कला संगणकाने आणलेली नाही. पूर्वी स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर माणसाच्या कडेने ब्रश फिरवून मागच्या भागात लाल अपारदर्शक रंग भरीत. त्यातून प्रकाश जात नसे, म्हणून कागदावर तेवढा भाग पांढरा उमटे. १९९० साली ‘फोटोशॉप’ बाजारात आले आणि ब्रशचे काम माऊसकडे गेले. पण ते विकत घ्यावे लागते. आपल्यासारख्यांना उपयोगी आहे ते ‘गिम्प’. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी ते तयार केले आणि १९९६ साली सर्वांसाठी खुले केले. ते आजही फुकट मिळते आणि एकदा संगणकावर घेतले की इंटरनेटशिवाय चालते.

काम असे करावे

प्रथम फोटो स्कॅन करून घ्या. फोटो लहान असेल तर ६०० डीपीआयवर करा. मोबाईलवरून पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला तर त्यातला बारकावा कमी होतो. मूळ फाईल बाजूला ठेवून तिच्या नकलेवरच काम करा.

गिम्पमध्ये नक्कल उघडा. ‘फ्री सिलेक्ट’ हे साधन घेऊन माणसाच्या कडेने, किंचित आतून, जवळजवळ टिचक्या देत फिरा. पहिल्या बिंदूवर येऊन एंटर दाबा. आता मागचा भाग खोडू नका. ‘लेयर’ मेनूतून ‘ॲड लेयर मास्क’ घ्या आणि त्यात ‘सिलेक्शन’ निवडा. मागचा भाग दिसेनासा होतो, पण तो नष्ट होत नाही, फक्त झाकला जातो. मास्कवर काळा ब्रश फिरवला की झाकते, पांढरा फिरवला की परत उघडते. कान गेला? पांढरा ब्रश फिरवा, कान परत येईल! केसांच्या आणि पदराच्या कडेला मऊ ब्रश वापरा, म्हणजे कात्रीने कापल्यासारखे दिसणार नाही. मागे साधा फिकट राखाडी रंग भरा. ढग, धबधबे, फुलांचे ताटवे नकोत. नजर चेहऱ्यावरच राहिली पाहिजे.

शेवटी गिम्पची स्वतःची ‘एक्ससीएफ’ फाईल जपून ठेवा. मागचा भाग रिकामाच ठेवायचा असेल तर ‘पीएनजी’ करा. ‘जेपीजी’मध्ये पारदर्शकपणा टिकत नाही.

अलीकडे एका बटणावर हे काम करणारी ॲप व संकेतस्थळेही आली आहेत. अनेकदा ती चांगले काम करतात. पण काळोख्या भिंतीपुढचे काळे केस, चष्म्याची काडी, खांद्यावर ठेवलेला दुसऱ्याचा हात इथे ती हमखास अडखळतात. शिवाय संकेतस्थळावर टाकलेला फोटो परक्याच्या संगणकावर जातो, हेही ध्यानात असू द्या. आणि ‘चेहरा सुधारा’ हे बटण तर दाबूच नका. ते यंत्र आपल्या अंदाजाने नवे डोळे, नवी कातडी रंगवते. मग ती आपली आजी राहत नाही.

पार्श्वभूमी म्हणजे काय?

नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याचे फोटो डोळ्यांसमोर आणा. त्यातला मागचा जनसागर काढून टाकला तर काय उरेल? आपल्या घरातल्या फोटोचेही तसेच आहे. मागची पत्र्याची खोली, शाळेचा फलक, गिरणीचे फाटक, शेजारी उभी असलेली माणसे हा सारा आपला इतिहास आहे. तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. कदाचित शेजारच्या एखाद्या कुटुंबाकडे त्यांच्या बाबांचा हाच एक फोटो असेल, आणि तो आपल्या आजीच्या मागे असेल.

म्हणून भिंतीवर लावायला एकटीचा फोटो जरूर करा. पण दुकानदाराकडून मूळ फोटो न विसरता परत घ्या. त्याच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, कोण, कुठे, कोणत्या साली हे लिहा. मागे कोण उभे आहेत ते सांगणारी म्हातारी माणसे अजून आपल्यात आहेत. येत्या रविवारी फोटो घेऊन त्यांच्यापाशी बसा.