संशय मोबाइलवर, विश्वास आवाजावर

वीजबिल मोबाइलवरून भरायचे की रांगेत उभे राहून, यावर हल्ली बऱ्याच घरांत खटके उडतात. मुले म्हणतात, दोन मिनिटांचे काम आहे. वडील म्हणतात, "मी जाऊन भरतो, हातात पावती तरी येते." ऑनलाइन खरेदीचेही तसेच. "कापडाला हात न लावता घ्यायचे कसे, आणि पैसे आधीच का द्यायचे?" हा आजींचा प्रश्न असतो. मग कुणीतरी "यांना आता हे कळायचे नाही" असे म्हणते आणि विषय संपतो.

बाह्यरुग्ण विभागात ज्येष्ठ रुग्णांशी बोलताना हा विषय वरचेवर निघतो. तेव्हा जाणवते, की "कळत नाही" हे निदान बहुतेक वेळा चुकते. या अविश्वासामागे वाढत्या वयातले काही शारीरिक बदल असतात आणि बराचसा अनुभवाचा शहाणपणाही असतो. मात्र हा अविश्वास अनेकदा चुकीच्या जागी पहारा देत बसतो. खरा धोका तिथे आहे.

शरीराच्या अडचणी

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण वयाबरोबर भिंग पिवळसर आणि गढूळही होते. त्यामुळे रंगांतला, विशेषतः निळ्या-हिरव्या छटांतला फरक आणि फिकट अक्षरांचा उठाव कमी जाणवतो. पांढऱ्या पडद्यावरची राखाडी बारीक अक्षरे तरुणाला आकर्षक वाटतात. मोतीबिंदू असलेल्याला ती दिसतच नाहीत. जे वाचता येत नाही त्यावर "हो" म्हणून बोट ठेवायला माणूस कचरणारच.

बोटाचेही असेच. मोबाइलचा पडदा बोटाच्या दाबावर चालत नाही, त्वचेतून होणाऱ्या सूक्ष्म विद्युत बदलावर चालतो. वयाने कोरडी पडलेली किंवा कष्टाने घट्टे पडलेली त्वचा त्याला नीट ओळखता येत नाही. मग माणूस दोनदा-तीनदा दाबतो. कंप असेल किंवा मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर बोट जास्त वेळ टेकून राहते आणि पडद्यावर भलतेच काही उघडते. "मी काही केले नाही, आपोआप झाले," ही तक्रार अशा वेळी खरी असते.

वयानुसार कानांना आधी उच्च कंपनसंख्येचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात. बोलणे ऐकू येते, पण व्यंजने निसटतात. फोनवर "सात" की "साठ" हे कळत नाही. पैशांच्या बोलण्यात हा फरक लहान नाही.

ओटीपीचा खेळ तर स्मरणशक्तीची परीक्षाच. संदेश उघडायचा, सहा आकडे लक्षात ठेवायचे, पुन्हा मागच्या पडद्यावर यायचे, वेळ संपण्याआधी ते टाकायचे. याला लागणारी कार्यकारी स्मृती आणि विचारांचा वेग वयाबरोबर कमी होतात. याउलट शब्दसंग्रह, अनुभवजन्य ज्ञान, व्यवहाराची जाण या गोष्टी बराच काळ टिकतात. म्हणजे सत्तरीतल्या निवृत्त शिक्षकाला व्याजाचे गणित पक्के कळते. त्याला नडतो तो साठ सेकंदांचा धाक. ज्येष्ठ माणसे वेगापेक्षा अचूकतेला महत्त्व देतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आले आहे. तरुण आधी बोट लावतो आणि मग बघतो. ज्येष्ठ आधी बघतात. पैशांच्या बाबतीत यांतली कुठली सवय बरी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पावतीचे मोल

या पिढीचा पैसा दिसायचा. पासबुकात नोंद छापून यायची, पावतीवर शिक्का आणि सही असायची, वाण्याकडची वही दोघांच्या डोळ्यांसमोर भरायची. चूक झाली तर जाब विचारायला समोर माणूस असायचा. आपल्याकडे यूपीआय २०१६ मध्ये आले. म्हणजे आज सत्तरीत असलेल्यांनी साठीपर्यंतचे आयुष्य त्याशिवाय काढले आहे. पडद्यावर हिरवी खूण दिसली म्हणजे पैसे पोहोचले, हे त्यांनी कशाच्या आधारावर मानायचे? शिवाय तरुणाने गमावलेले वीस हजार पुढच्या काही महिन्यांत कमावता येतात. पेन्शनवर जगणाऱ्याचे गेलेले पैसे परत येण्याचा मार्ग नसतो. म्हणून त्यांची सावधगिरी भित्रेपणाची नाही, हिशेबाची आहे.

आणखी एक गोष्ट. बँकेपर्यंत चालत जाणे, रांगेत चार शब्द बोलणे, येताना भाजी घेणे, हा अनेक ज्येष्ठांचा दिवसभरातला एकमेव व्यायाम आणि एकमेव संवाद असतो. तो मोडून त्यांना दिवसभर घरात बसवण्यात सोय आहे, आरोग्य नाही.

चोर ॲपमधून येत नाही

इतकी सावध माणसे तरीही मोठमोठ्या रकमांना कशी फसतात? कारण फसवणारा बहुतेक वेळा माणसाच्या आवाजात येतो. "बँकेतून बोलतोय", "आज रात्री तुमची वीज तोडणार", "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत". यंत्रावर संशय घेणारे मन अधिकाऱ्याच्या आवाजापुढे नमते. साहेबाचे ऐकायचे, पोलिसांना उलटून बोलायचे नाही, हे या पिढीचे संस्कार. चोर नेमके तेच वापरतात.

याला मेंदूतलाही एक दुवा असावा. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शेली टेलर यांच्या गटाने २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अविश्वासू वाटतील असे चेहरे दाखवल्यावर ज्येष्ठांनी ते तरुणांच्या तुलनेत अधिक विश्वासार्ह ठरवले. धोक्याची "आतून" जाणीव देणारा मेंदूचा भाग, म्हणजे अग्र इन्सुला, त्यांच्यात कमी सक्रिय झालेला दिसला. एका अभ्यासावरून सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. पण यंत्राविषयी शंका आणि माणसाविषयी भाबडेपणा एकाच व्यक्तीत नांदू शकतात, हे आपण भोवताली पाहतोच.

भीतीचे कामही समजून घ्या. अटकेची धमकी ऐकताच छाती धडधडते, घाम फुटतो, शरीर संकटाच्या तयारीला लागते. या अवस्थेत मेंदूचा विचार करणारा पुढचा भाग मागे पडतो. "फोन ठेवू नका, घरच्यांना सांगू नका" असे चोर बजावतात ते यासाठीच. दहा मिनिटे मिळाली तर माणूस सावरतो आणि विचार करू लागतो. ती दहा मिनिटेच त्यांना द्यायची नसतात. "डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही "मन की बात"मध्ये सांगितले होते.

फसवणुकीनंतर झोप उडणे, रक्तदाब आणि साखर वाढणे, जेवण तुटणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतो आणि खरे कारण लाजेपोटी सांगत नाही. घरचे रागावतील ही भीती पैशांच्या दुःखापेक्षा मोठी असते. अशा वेळी "आम्ही सांगत होतो ना" हे वाक्य गिळून टाकावे. निराशा दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

बदल अचानक झाला असेल तर

आयुष्यभर हिशेब चोख ठेवणारी व्यक्ती एकाएकी तेच बिल दोनदा भरू लागली, सुटे पैसे मोजताना गोंधळू लागली, न लागणाऱ्या वस्तू मागवू लागली किंवा घरच्यांवर चोरीचा आळ घेऊ लागली, तर तो मोबाइलचा दोष समजू नका. अमेरिकेत ८१ हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या नोंदी तपासणाऱ्या एका संशोधनात, स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या सहा वर्षे आधीपासूनच बिले थकवण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. अशा व्यक्तीची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांमुळेही असा गोंधळ होतो आणि त्यावर उपचार आहेत.

काय करता येईल?

• आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मोबाइलची अक्षरे मोठी आणि ठळक करा. भाषा मराठी ठेवा.

• रोजच्या खर्चासाठी वेगळे खाते ठेवा, त्यात हजार-दोन हजारच असू द्या. मोबाइलला तेवढेच खाते जोडा. पेन्शन आणि मुदतठेवींचे खाते जोडू नका.

• शिकवताना मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या. मुलाला दहा रुपये पाठवणे, ते पोहोचल्याचे त्याच्या फोनवर बघणे, पायऱ्या वहीत लिहून घेणे, हे चार-पाच दिवस रोज एकदा करा.

• पैसे स्वीकारायला पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार, हे वहीत पहिल्या पानावर लिहा.

• घरी वस्तू आल्यावर पैसे देण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त न मागवलेल्या पार्सलचे पैसे देऊ नका.

• मोबाइल नको म्हणून एटीएम कार्ड आणि पिन शेजारच्याकडे देणे, हा त्याहून मोठा धोका आहे.

• पैसे, अटक किंवा वीज तोडण्याचा विषय निघाला की फोन कट करा. पाणी प्या, घरच्या एका ठरलेल्या माणसाला सांगा. बँकेला फोन करायचा तर पासबुकावरच्या किंवा कार्डाच्या मागच्या क्रमांकावर करा.

• पैसे गेलेच तर लगेच १९३० वर आणि बँकेत कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते. म्हणून लाजेत घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

ज्येष्ठांचा संशय घालवण्याची घाई मुलांनी करू नये. त्या संशयाने त्यांना आयुष्यभर सांभाळले आहे. तो मोबाइलवरून थोडा काढून फोनवरच्या अनोळखी आवाजावर ठेवायला शिकवले, तरी पुष्कळ झाले. आणि ज्यांना बिल भरायला चालतच जायचे आहे, त्यांना खुशाल जाऊ द्यावे. गुडघे चालत असतील तोवर ते औषधच आहे.