दुसरं कोकरू

पहाटे ५.३०. फलटण तालुक्यातल्या पीक निघालेल्या रानात वाघर लागलेली. रात्री व्यालेल्या मेंढीपाशी दोन कोकरं. थोरलं चीक ओढतंय. धाकट्याचं तोंड गार. मेंढपाळ आबा त्याला घोंगडीत घेऊन चोळतात, आचळाची धार त्याच्या ओठांवर सोडतात. "डॉक्टर, जुळं गोड, पण दूध एकाचंच." धाकटा मेंढा आहे. मानेच्या शिरेतून थोडं रक्त घेतो, नळीवर बिल्ल्याचा नंबर टाकतो.

९.००. परतीचा रस्ता, टपरीवरचा चहा. दख्खनी मेंढी सहसा एकच पिल्लू देते. सुंदरबनातली गारोल मेंढी जुळी-तिळी देते, पण अंगानं बारकी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गारोलचं 'फेक-बी' हे जनुक दख्खनीत उतरवलं, त्यातून 'नारी सुवर्णा' आली.

११.००. प्रयोगशाळा. आजच्या रक्तातून डीएनए काढायला घेतो, आधीच्या नमुन्यांचं पीसीआर लावतो. शोधायचं आहे ते फेक-बीचं एक अक्षर. २००१ साली कळलं की 'बीएमपीआर-१बी' या ग्राहीतलं २४९वं अमिनो आम्ल बदललं की बीजकोश एकाऐवजी जास्त अंडी सोडतो.

१.३०. डबा खाऊन पीसीआरच्या मालात 'अव्हा-टू' हे डीएनए कापणारं विकर घातलं. आता थांबायचं. बीएमपी हा वाढघटक, 'बीएमपीआर-१बी' हा त्याचा ग्राही. बीजकोशात तो अंड्याभोवतीच्या पेशींना पिकण्याची घाई करू देत नाही. ग्राही बिघडला की निरोप अर्धवट पोचतो, लहान पुटिकाही लवकर पिकतात आणि एका माजात दोन-तीन अंडी सुटतात. म्हणजे हा गुण कानावर हात ठेवण्याचा! पुढे पोटातल्या गर्भातही हेच निरोप कामाला येतात. नंतर हाच ग्राही हातापायांची हाडं घडवायला लागतो. तो नसलेल्या उंदरांची बोटं आखूड राहतात. जुन्या ग्राहीला निसर्ग किती ठिकाणी राबवतो! फेक-बी मेंढ्यांचे खूर मात्र ठीकठाक असतात, कारण तिथे बिघाड अर्धाच आहे.

४.००. जत तालुक्यातून फोन. माडग्याळी मेंढ्यांचा कळप, उंच, बाकदार नाकाच्या. "साहेब, आमच्यात नारी सुवर्णाचा नर घातला तर?" चारा विचारला. उन्हाळ्यात टंचाईच. मग नको म्हणालो. माडग्याळीचं एकच पिल्लू दांडगं वाढतं, ती किंमत कशाला मोडायची?

५.३०. जेलवर डीएनएचे पट्टे. १९० बेसजोड्यांचा एकच पट्टा म्हणजे गुण नाही, १६०चा एकच म्हणजे दोन्ही प्रती, दोन्ही पट्टे म्हणजे एक प्रत. आबांच्या जुन्या मेंढ्याचे दोन पट्टे.

६.१५. आबांना फोन. "म्हणजे निम्म्या पोरींत उतरेल?" "हो. धाकट्याचा निकाल उद्या कळेल. दोन्ही प्रती निघाल्या तर सगळ्या पोरींत. पण तिळ्यांचं दूध कुठून आणाल?" "मग त्याला लोणंदच्या बाजारात नेतो. आधी जगू दे."