जुनी आलिशान मोटार घेताना

हळदीची पट्टी हाती पडल्यावर वसमत-हिंगोलीकडील ज्या गृहस्थाच्या मनात जुन्या मर्सिडीजची अभिलाषा उत्पन्न होते, त्याने हे ध्यानी घ्यावे की, अशा मोटारीची किंमत वर्षागणिक झपाट्याने उतरत असली, तरी तिच्या सुट्या भागांचे मोल नव्या मोटारीच्याच तोलाचे राहते. विशेषतः एअर सस्पेन्शनची परीक्षा अवश्य करावी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात खचलेली आढळली, तर हवेची गळती आहे असे निःशंक समजावे; आणि तिच्या दुरुस्तीसाठी मोठे शहरच गाठावे लागते.

दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर २०१८ साली निर्बंध पक्के झाल्यानंतर तिकडील मोटारी स्वस्तात मिळू लागल्या खऱ्या. परंतु मूळ नोंदणी-दफ्तराचा ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा मोटार-कर यांवाचून त्यांना एमएच-३८ ही हिंगोलीची नोंद लाभत नाही. विक्रेत्यानेही हस्तांतर तातडीने नोंदवावे, कारण अपघात झाल्यास दफ्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. कर्जबोजा उतरल्याची खात्री करून, चासी-क्रमांक स्वतः ताडून पाहिल्यावाचून कोणीही बयाणा देऊ नये.