गुठळीतला पांढरा ठिपका

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली की रक्तस्राव काही मिनिटांत आपोआप थांबतो, अशी समजूत बराच काळ होती. रुग्ण रुग्णालयात पोचेपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते, असाच तिचा अर्थ होता. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीने ही समजूत मोडली. त्यांनी १०३ रुग्णांचा पहिला सीटी स्कॅन लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत काढला, दुसरा त्यानंतर तासाभराने आणि तिसरा वीस तासांनी. पहिल्या तासाभरातच २६ टक्के रुग्णांतील रक्ताची गुठळी एक-तृतीयांशाहून अधिक वाढलेली आढळली. आणखी १२ टक्क्यांत ती वीस तासांच्या स्कॅनपर्यंत तेवढी वाढली.

ही वाढ जिवावर बेतते. कवटी बंद असते, आत जास्तीच्या रक्ताला जागा नसते आणि दाब मेंदूवर येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात गुठळीच्या दर १० टक्के वाढीमागे मृत्यूचा धोका ५ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. वय, गुठळीची जागा, तिचे सुरुवातीचे आकारमान यांतले काहीच डॉक्टरांना बदलता येत नाही. गुठळीची वाढ मात्र निदान तत्त्वतः तरी थोपवता येण्याजोगी आहे. म्हणूनच ‘रक्त अजून वाहते आहे का?’ हा प्रश्न इतका महत्त्वाचा ठरतो.

साधा सीटी स्कॅन रक्तस्राव झाला आहे हे क्षणात सांगतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. तोवर जिवंत माणसाच्या मेंदूतले रक्त असे थेट पाहण्याची सोय नव्हती. क्ष-किरण किती अडवले जातात ते मोजण्याच्या एककाला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. त्या मापावर पाणी शून्य, मेंदूचा करडा भाग चाळिशीच्या आसपास आणि गोठलेले रक्त साधारण ५० ते ८० असते. त्यामुळे गुठळी पांढरी उठून दिसते. तिची लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला दोनने भागले की आकारमानाचा कामचलाऊ अंदाज मिळतो. पण हे चित्र त्या एका क्षणाचे असते. किती रक्त साचले ते कळते, गळती चालू आहे की थांबली ते कळत नाही.

त्यासाठी सीटी अँजिओग्राफी करतात. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध वेगाने सोडले जाते आणि ते मेंदूच्या धमन्यांत पोचताच स्कॅन घेतला जातो. वाहिनीला भोक असेल तर रक्ताबरोबर आयोडीनही गुठळीत झिरपते आणि तिच्या पोटात एक-दोन मिलिमीटरचा झळझळीत ठिपका उमटतो. यालाच ‘स्पॉट साइन’ म्हणतात. टोरांटोच्या गटाने २००७ साली ३९ रुग्णांवर केलेल्या अभ्यासामुळे हे नाव रुळले. ठिपका दिसलेल्या १३ जणांपैकी १० जणांची गुठळी पुढे वाढली. ठिपका नसलेल्या २६ जणांत मात्र ती एकाचीच वाढली.

इतके चांगले आकडे मोठ्या अभ्यासात टिकत नाहीत, आणि इथेही टिकले नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रेडिक्ट’ या बहुदेशीय अभ्यासाच्या मुख्य विश्लेषणात सहा तासांच्या आत तपासलेले २२८ रुग्ण होते. ठिपका असलेल्यांपैकी ६१ टक्क्यांची गुठळी वाढली. तीन महिन्यांत ठिपका असलेल्यांतील ४३ टक्के आणि नसलेल्यांतील सुमारे २० टक्के रुग्ण दगावले. धोक्याची खूण म्हणून ठिपका खरा ठरला. पण ज्यांची गुठळी वाढली त्यांच्यापैकी जेमतेम निम्म्यांतच तो दिसला होता. ‘ठिपका नाही’ याचा अर्थ ‘रक्तस्राव थांबला’ असा घेणे चुकीचे आहे, हे या अभ्यासातून घ्यायचे सर्वांत मोलाचे.

याचे कारण तपासणीच्या वेळेत आहे. अँजिओग्राफी काही सेकंदांचे दृश्य टिपते. गळती मंद असेल तर औषध झिरपण्याआधीच स्कॅन संपतो. म्हणून मिनिट-दीड मिनिटाने स्कॅनची दुसरी फेरी घेतल्यास आणखी ठिपके सापडतात. लक्षणे सुरू होऊन जितके तास लोटतात, तितका ठिपका दिसण्याचा संभव कमी होतो. उलट बाजूने फसगतही होते. छोटा धमनीविस्फार, धमनी-शिरांचे जन्मजात जाळे किंवा कॅल्शियमचा कण हेही ठिपक्यासारखे दिसतात. त्यामुळे आयोडीनशिवायचा स्कॅन शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा लागतो. कॅल्शियमचा कण तिथेही पांढराच दिसतो.

रात्रीअपरात्री अँजिओग्राफी सगळीकडे होत नाही. तेव्हा साधा सीटीच बारकाईने वाचावा लागतो. ताजे, न गोठलेले रक्त गोठलेल्या रक्ताइतके दाट नसते, म्हणून वाढत्या गुठळीत काळसर भोवरे किंवा पोकळ्या दिसतात. वेड्यावाकड्या कडा, मुख्य गुठळीपासून सुटलेली लहान बेटे आणि एकाच गुठळीत स्पष्ट सीमेने विभागलेल्या दोन छटा याही सावध करणाऱ्या खुणा आहेत. या खुणा अँजिओग्राफीइतक्या थेट नाहीत, तरी त्यांना जादा खर्च पडत नाही.

धोका ओळखता आला, म्हणजे त्या रुग्णांना रक्त गोठवणारे औषध देऊन जीव वाचवता येईल, ही आशा साहजिक होती. ती अजून फळलेली नाही. कॅनडा व अमेरिकेत ठिपका असलेल्या ६९ रुग्णांवर सातव्या गोठणघटकाच्या औषधाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ट्रानेक्झामिक ॲसिडची १०० रुग्णांवरील चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत गुठळीची वाढ ठळकपणे घटली नाही. पहिल्या चाचणीत औषध मिळेपर्यंत लक्षणे सुरू होऊन सुमारे तीन तास उलटले होते आणि बरीचशी वाढ तोवर होऊन गेली होती. ठिपका शोधण्यात गेलेला वेळही या तासांतच मोजला जातो.

त्यामुळे अँजिओग्राफीची वाट पाहत उपचार अडवून ठेवणे योग्य नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरॲक्ट-३’ या अभ्यासात भारतासह दहा देशांतील सात हजारांहून अधिक रुग्ण होते. वरचा रक्तदाब तासाभरात १४०च्या खाली आणणे, साखर व ताप आटोक्यात ठेवणे आणि वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणे, हे सगळे एकत्र केल्याने रुग्णांची स्थिती सुधारली. यातले काहीही ठिपक्यावर अवलंबून नव्हते. ठिपक्याचा उपयोग त्यापुढचा आहे. कोणाला अतिदक्षता विभागात ठेवायचे, कोणाला मेंदूशल्यविभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात तातडीने हलवायचे आणि कोणाचा दुसरा स्कॅन लवकर घ्यायचा, हे ठरवताना तो कामी येतो. साधारणपणे दुसरा सीटी चोवीस तासांच्या आत होतो. शुद्ध हरपू लागली, एका बाजूची ताकद आणखी कमी झाली किंवा उलट्या वाढल्या, तर तो लगेच घेतात.