राजाच्या नाकात मिऱ्या!

कुणाला राग आला की आपण म्हणतो, नाकाला मिरच्या झोंबल्या. पण इजिप्तच्या एका राजाच्या नाकात खरोखरच मिऱ्या सापडल्यात! दुसरा रामसेस त्याचं नाव. सुमारे 3,200 वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हा ममीचं नाक बसू नये म्हणून त्यात काळी मिरी ठासली होती.

आता इजिप्तच्या वाळवंटात मिरी कुठून उगवणार? तिला धो धो पाऊस हवा, दमट उकाडा हवा, सावली हवी आणि वर चढायला एखादं झाडही हवं. हे सगळे लाड पुरतात केरळच्या मलबार किनाऱ्याला, तिथल्या डोंगरउतारांवर. वेलीवर हिरव्या मण्यांचे घोस लोंबतात. ते तोडून उन्हात पसरले की दाणे सुरकुततात, काळे होतात. चिरून ठेवलेलं सफरचंद काळवंडतं ना, तसंच. सालीतल्या द्रव्यांची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते. एक दाणा चावून बघा. (पाणी जवळ ठेवा!) तो झणका मिरीतल्या पायपरीन नावाच्या द्रव्याचा.

खरी गंमत वाऱ्याची. जो नैर्ऋत्य वारा मलबारला पाऊस आणतो, तोच तांबड्या समुद्राकडून निघालेली शिडाची जहाजंही ढकलत आणायचा. थंडीत वारा उलटा फिरला, की मिरीची पोती भरून परत! सोनं आणि दारूचे रांजण घेऊन रोमन व्यापारी मलबारच्या मुझिरिस बंदरात येत. हे बंदर जिथे होतं असं मानतात, त्या केरळातल्या पट्टणम गावी खोदलं, तेव्हा त्या रांजणांची खापरं निघाली. आणि इजिप्तच्या बेरेनिके बंदरात तर एका देवळात भारतीय रांजण सापडला. आत काय? साडेसात किलो काळी मिरी! आपल्याकडे मिरीचं एक संस्कृत नावच ‘यवनप्रिय’, म्हणजे ग्रीक-रोमनांची लाडकी.

पुढे मुझिरिस पुसलं गेलं. 1341 साली पेरियार नदीला महापूर आला, तिची वाट बदलली आणि कोचीचं बंदर मोकळं झालं, असं मानतात. म्हणजे इथेही पाऊसच!

1498 मध्ये वास्को द गामा मिरीच्या ओढीने कोझिकोडजवळ उतरला. त्याच्यामागून आलेल्या पोर्तुगिजांनी अमेरिकेतलं एक तिखट फळ भारतात आणलं. मिरीसारखं झोंबतं, म्हणून आपण त्याला नाव दिलं मिरची. रामसेसच्या काळी ती इथे नव्हतीच. त्याच्या नाकाला झोंबायला मिऱ्याच होत्या!