पानथरी काढली तर पोरात उरेल काय?

विदर्भातल्या एका दवाखान्याच्या वऱ्हांड्यात आम्हाला एक माउली भेटली. सात वर्षांचे पोर मांडीवर निजलेले. "याची पानथरी काढाची म्हणतेत. काढली तं पोरात उरन काय जी?" तिने विचारले. हा प्रश्न आपल्या अनेक घरांतला आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबाप दोघांकडून येतो. तो करणीने होत नाही, शिवल्याने पसरत नाही. एकट्या आईला दोष देणे हा तर अन्यायच. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते.

निरोगी तांबडी पेशी गोल, मऊ असते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी विळ्यासारखी वाकते आणि १० ते २० दिवसांत मरते. डाव्या बरगड्यांखालची पानथरी म्हणजे रक्ताची गाळणी. तिच्यात या पेशी अडकतात, ती फुगते. कधी अंगातले बरेचसे रक्त अचानक तिथेच साठते. काही तासांत मूल पांढरेफटक पडते. वेळेवर रक्त मिळाले नाही, तर जीव जाऊ शकतो.

असे वारंवार घडू लागले, तर डॉक्टर पानथरी काढण्याचा सल्ला देतात. शक्यतो मूल पाच वर्षांचे होईपर्यंत थांबतात. पानथरीवाचून माणूस जगतो. मात्र मूळ आजार जात नाही, औषधे चालूच ठेवावी लागतात.

पानथरी जंतूंवर पहाराही देते. म्हणून न्यूमोनिया व मेंदूज्वराच्या लसी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी टोचून घ्याव्या. पुढे डॉक्टर सांगतील तितकी वर्षे पेनिसिलिन चुकवू नये. मलेरियाच्या भागात मच्छरदाणी हवीच. ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि पानथरी काढली आहे, हे आधी सांगा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

पत्रिका पाहणे आपण सोडले. आता लग्नाआधी मुलामुलीचे रक्त तपासण्याची रीत पाडू या.

त्या माउलीला आम्ही म्हणालो, "बाई, पोरगं पुरं उरेल. फक्त तापाला हलकं समजू नका."